घरच्या सर्व्हरवर बाबांची पाळी

एक काळ असा होता की दुपारी आमच्या घरचा फोन वाजला की बाबा आधी चष्मा शोधत, मग रिसीव्हर उचलत आणि 'हलो' न म्हणता सरळ आकडे वाचायला लागत. पलीकडे कुणीतरी कॉलेजचा पोरगा ते लिहून घेई, 'थँक यू अंकल' म्हणे आणि फोन ठेवी. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा सट्ट्याचे आकडे देतोय. शेजारच्या काकूंना तसं वाटलंही होतं. त्यांनी आईला भाजीच्या गाडीपाशी बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, की भाऊजी या वयात कुठल्या नादाला लागले.

ते आकडे म्हणजे आमच्या गेम सर्व्हरचा पत्ता. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, इंदुरात ब्रॉडबँड नवीनच आलं होतं, आणि आमचा वर्ग ज्या खेळापायी वेडा झाला होता तो खेळायचा तर कुठेतरी एक मशीन सतत चालू ठेवावं लागे, ज्याला बाकीचे सगळे जोडले जातील. दोन टोळ्या, मध्ये एक किल्ला, एकीने तो राखायचा, दुसरीने घ्यायचा. सायबर कॅफेत मुलगी म्हणून जाऊन बसायचा मला कंटाळा होता. तिथे सगळे स्क्रीन सोडून माझ्याकडेच बघत. म्हणून म्हटलं, सर्व्हर आपल्याच घरी ठेवू. मग यायचं असेल त्याने माझ्या दारात यावं, माझ्या नियमांनी खेळावं.

बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत आमच्या तीन खोल्या होत्या. आई शाळेत शिकवायची आणि घर तिच्यावर चालायचं. बाबा कापड मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे विणाई खात्यातले माग चालते ठेवणारे. मिल बंद झाली त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. शहरात एकीकडे मोबाइलचे मोठमोठे बोर्ड लागत होते, काचेची दुकानं उघडत होती, आणि दुसरीकडे बाबांसारखी माणसं सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसत होती. बाबा पेपर वाचत, तोच पेपर दुपारी पुन्हा वाचत. आठवड्यातून एकदा मिलच्या गेटवर जुन्या कामगारांची मीटिंग व्हायची, तेवढ्यापुरते बाहेर पडत. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. राग कुणाचा ते मात्र सांगता यायचं नाही.

घरी सर्व्हर ठेवायचा म्हणजे आपल्या घराचं एक दार रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी स्वभावानेच संशयी, त्यामुळे चटकन समजलं. आईच्या शाळेचे पेपर, माझे प्रोजेक्ट, सगळं ज्या चांगल्या कॉम्प्युटरवर होतं, त्यावर मी खेळ ठेवलाच नाही. एक सायबर कॅफे बंद पडत होतं, तिथून एक जुनं मशीन उचलून आणलं. त्यात खेळाशिवाय काही म्हणता काही ठेवलं नाही. खेळ मशीनमधल्या ज्या वेगळ्या खात्यावर चालायचा त्या खात्याला दुसरं काही करायची परवानगी नव्हती. मोडेममध्ये खेळापुरतं एकच दार उघडलं, बाकी सगळी बंद. दोन्ही मशीन एकमेकांना दिसणार नाहीत अशी सोय केली. दर रविवारी सगळ्याची एक कॉपी सीडीवर काढून आईच्या लोखंडी कपाटात, तिच्या पैठणीखाली ठेवत असे. शेवटचा नियम असा, की घरात लक्ष द्यायला कुणी नसेल तर सर्व्हर बंद. आई म्हणायची, हिच्या सासरी बिचाऱ्यांना स्वतःच्या घरात शिरायला पासवर्ड लागेल.

बाबा आधी यात कुठेच नव्हते. ते आले लाइटमुळे. त्या वर्षांत विजेची कटौती एवढी असायची की दिवसातून कितीदा लाइट जाई याचा हिशोब कुणी ठेवत नसे. मशीन इन्व्हर्टरवर होतं, पण मोडेम बंद होऊन पुन्हा लागला की आमचा पत्ता बदले. मी कॉलेजात, आणि दुपारी मोकळी असलेली हॉस्टेलची पोरं माझ्या मागे, आज का ॲड्रेस बता, आज का ॲड्रेस बता. वैतागून मी घरचा नंबर वर्गातल्या ओळखीच्या मुलांना दिला आणि बाबांना स्क्रीनवर कुठे काय वाचायचं ते दाखवून ठेवलं. त्यांनी ते काम असं मनावर घेतलं, की लाइट आली की फोन यायच्या आधीच चष्मा लावून तयार.

मग बाबांना मशीनचीच काळजी लागली. उन्हाळ्यात ते हात लावून बघत आणि म्हणत, तापलंय. पोलोग्राउंडला त्यांचा मिलमधला एक जुना सोबती वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये लागला होता. त्याच्याकडून त्यांनी जाळीचं एक लोखंडी स्टँड करून आणलं, खाली हवा खेळेल असं, आणि मागे एक छोटा पंखा बसवला. रोज सकाळी मऊ ब्रशने धूळ झाडायची. तो पंखा इतका आवाज करी की आई म्हणाली, घरात आता मिलची कमी नाही.

पुढे आमच्या खेळात वर्गाबाहेरची मुलं यायला लागली, आणि घरचा फोन नंबर असा गावभर फिरणं मला बरं वाटेना. एक सोय अशी मिळाली की पत्ता बदलला तरी एक ठरलेलं नाव त्याच्या मागे आपोआप जाईल. ती लावल्यावर फोन बंद झाले. मी खूश. चार दिवसांनी बाबा जेवताना म्हणाले, "आता कुणी विचारत नाही का गं?" ते भाताकडे बघून म्हणाले, पण मला चटका बसला. माझ्या हुशारीने मी त्यांची नोकरी घालवली होती.

मग मी त्यांना खेळातच बसवलं. खेळायला नाही, लक्ष ठेवायला. पोरं खेळता खेळता खाली एकमेकांना लिहीत असतात, ते वाचायचं, कुणी आगाऊपणा केला तर समज द्यायची, तरी ऐकलं नाही तर बाहेर काढायचं. त्यासाठी एक पासवर्ड होता. तो असला की सर्व्हरचा मालक तुम्ही. बाबांनी स्वतःचं नाव ठेवलं 'जॉबर'. आणि पहिल्याच दिवशी नियम केला, की इथे आई-बहिणीवरून शिवी चालणार नाही.

इंदूरची पोरं, शिवीशिवाय त्यांना शिंकही येत नाही. मला वाटलं आठवड्यात सर्व्हर रिकामा होईल. झालं उलटंच. बाबा पहिल्या शिवीला लिहीत, "बेटा, यहाँ नहीं", आणि दुसरीला माणूस बाहेर. भांडण नाही, लेक्चर नाही. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा परत आला तर "आओ" म्हणून घेत. हळूहळू आमच्या सर्व्हरची ख्याती झाली, की तिथे काकाजी बसतात, तिथे नीट खेळतात. राजेंद्र नगरची माझी एक मैत्रीण एवढ्याचसाठी आमच्याकडे खेळायची, कारण तिच्या घरी स्क्रीन बैठकीत होता आणि मागून आजोबा वाचायचे.

बाबा बदलले. दुपारचं जेवण लवकर उरकत, कारण पाळी सुरू व्हायची. पाळी हा त्यांचाच शब्द. संध्याकाळी मी घरी आले की खुर्चीतून उठत आणि दिवसभराचं सांगत: कोण नवीन आला, कोण किल्ला सोडून पळतो, कोणाची परीक्षा आहे म्हणून त्याला त्यांनीच घालवून दिलं. सांगता सांगता मला खुर्चीत बसवत, खेळ एक क्षण थांबू न देता. मिलमध्ये असंच असतं, ते म्हणत. पाळी बदलली म्हणून माग बंद करायचा नाही. जाणारा चालू मागावरून हात काढतो आणि येणारा त्याच मागावर हात ठेवतो. हे सांगताना त्यांचे हात हवेत बरोबर तसे चालत, आणि मी बघत राहायची. मला त्या दिवसांत फार सुख होतं, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. सुख असं वेळेवर ओळखता येणं हेही नशीबच.

मग तो दिवस आला. मिलच्या गेटवरची मीटिंग या वेळी अचानक ठरली, आणि तीही दुपारी, पाळीच्याच वेळेला. बाबांनी जेवण केलं, पाळीवर बसले, आणि निघायची वेळ झाली तेव्हा सामना अगदी रंगात आला होता. माझा नियम त्यांना माहीत होता: घरात कुणी नसेल तर बंद करायचं. पण चालू माग बंद करून निघून जायचं, हे त्यांच्या हाताला जमेना. तीस वर्षांत केलं नव्हतं. मिलमध्ये अशा वेळी बदलीवाला असतो. कायम कामगार नसला की त्याच्या जागी जो उभा राहतो तो. बाबांनी खाली लिहून विचारलं, कोई थोड़ी देर देख लेगा क्या. एक पोरगा लगेच तयार झाला. काही आठवड्यांपासून यायचा, नम्र होता, प्रत्येक वाक्यात काकाजी, काकाजी. बाबांनी त्याला पासवर्ड दिला, चप्पल घातली आणि निश्चिंत मनाने गेटवर गेले.

मी संध्याकाळी आले तेव्हा बाबा स्क्रीनसमोर बसलेले होते आणि त्यांनी पंखा बंद केला होता. सर्व्हरवर एकही माणूस नव्हता. पासवर्ड बदललेला होता. आणि स्क्रीनवर खालपासून वरपर्यंत शिव्या होत्या, अशा की मी बापाच्या शेजारी उभी राहून वाचू शकले नाही. प्रत्येक ओळीच्या आधी नाव होतं, जॉबर. त्या पोराने बाबांचंच नाव लावून त्या लिहिल्या होत्या. तो कोण, पूर्वी बाहेर काढलेल्यांपैकी कुणी होता की उगाच मजा म्हणून आलेला, ते आजवर कळलं नाही.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी मोडेमची वायर उपटली, त्या मशीनमधलं सगळं पुसून टाकलं, काय झालं कसं झालं याची नोंद बघायलाही थांबले नाही, आणि कपाटातली रविवारची सीडी काढून सगळं नव्याने चढवलं. तोंडाचा पट्टा चालूच होता. पासवर्ड कुणालाही द्यायचा नसतो, समोर साक्षात गणपती आला तरी द्यायचा नसतो, असं बरंच काही. बाबा ऐकून घेत होते. आईचे पेपर, माझे प्रोजेक्ट, दुसरं मशीन, कशालाच धक्का लागला नव्हता. तो पोरगा त्या एका खोलीतच नाचून गेला होता. हे मी त्यांना समजावून सांगितलं, म्हटलं, नुकसान काहीच नाही. बाबा म्हणाले, "बेटा, मिलमध्ये माझ्या तोंडून कुणी शिवी ऐकली नाही. आता त्या पोरांनी वाचली. माझ्या नावाने वाचली." आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खुर्चीत बसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. लक्ष ठेवायला कुणी नाही म्हणून दुपारी सर्व्हर बंदच राहिला. संध्याकाळी मी चालू करायची, पण तेव्हा येणारे माझ्या ओळखीचे, वेगळे. हॉस्टेलची दुपारची टोळी कुठे गेली ते कळायला मार्ग नव्हता. बाबा सकाळी अंघोळ करत, शर्ट घालत आणि पेपर वाचत. दुपारी पुन्हा तोच पेपर. माझा राग दोन दिवसांत उतरला आणि त्या जागी भीती बसली. मिल बंद झाली तेव्हा निदान सगळ्यांचीच झाली होती. हे दुसऱ्यांदा झालेलं त्यांच्या एकट्याचं होतं.

मी माझ्या परीने उपाय केला. सगळ्यांसाठी एकच पासवर्ड ठेवायची पद्धतच मोडली. आता ज्याला काम द्यायचं त्याची स्वतःची वेगळी किल्ली, आणि त्या किल्लीने शिवी देणाऱ्याला बाहेर काढता येईल, एवढंच. बाकी काही हलवता येणार नाही. 'जॉबर' हे नावही राखून ठेवलं, बाबांशिवाय कुणी लावू शकणार नाही असं. बाबांना सांगितलं की आता बदलीवाला ठेवलात तरी चालेल, त्याच्या हाती माग जाईल, पण तुमचा जॉबरचा पाना जाणार नाही. त्यांना ते आवडलं, हे मला दिसलं. दोन प्रश्नही विचारले. पण खुर्चीकडे गेले नाहीत. म्हणाले, कुठल्या तोंडाने बसू. आता तूच बघ.

आई इतके दिवस यात पडली नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघंही घरात होतो, पोहे झाले होते, शेवेचा डबा फिरत होता. मी घरी आहे तर दुपारी चालू करून बघते, असं म्हटलं आणि बाबा उठून आत जायला निघाले. आईने त्यांना दारात थांबवलं. ती वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "तुमच्याकडून चूक झाली असं वाटतं ना? मग माफी समोर जाऊन मागा. आत पडून राहून कुणाची माफी मागता?" बाबा दारातून मागे फिरले. मग म्हणाले, ठीक आहे, एकदा सांगतो आणि मोकळा होतो. पोरांची माफी मागायची आणि काम सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी सर्व्हर चालू केला. थोडा वेळ कुणी आलं नाही. मग एक आला, त्याने कुणाला फोन केला असावा, कारण पाठोपाठ भराभर आले, हॉस्टेलची ती दुपारची पोरं, जागा भरून गेली. कुणी खेळायला सुरुवात करेना. मी उठले, बाबा बसले. मी टाइप करून देऊ का विचारलं तर नको म्हणाले. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, की त्या दिवशी माझ्या नावाने जे वाईट आलं ते मी लिहिलं नाही, पण पासवर्ड मीच दिला होता, म्हणून दोष माझा. सबसे माफी माँगता हूँ. पुढचं, काम सोडण्याचं, लिहायला त्यांनी बोट उचललं होतं.

खाली ओळी यायला लागल्या. इतक्या भराभर की बाबांना वाचता येईनात, म्हणून मी मागे उभी राहून मोठ्याने वाचल्या. एक पोरगा विचारत होता, किस बात की माफी. दुसऱ्याने लिहिलं की पहिली शिवी आली तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं, की हे काकाजी नाहीत. मग तिसऱ्याने लिहिलेलं मी दोनदा वाचलं. "काकाजी, आपके नाम से गाली आई तो हम सब उसी वक़्त निकल गए. मैच जीत रहे थे, फिर भी निकल गए. वो ख़ाली सर्वर पे अकेला बकता रहा."

मला तोवर वाटत होतं की त्याने सगळ्यांना हाकलून दिलं. कुणीही हाकललं नव्हतं. सगळे आपणहून उठून गेले होते.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. आई दारात उभी होती, तिने विचारलं काय म्हणतात पोरं. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "मिल बंद झाली तेव्हा आम्हाला बाहेर काढलं होतं. हे माझ्यासाठी बाहेर पडले." मी तर सरळ रडत होते. मग ते खुर्चीत नीट सरसावून बसले, हात पुढे घेतले आणि माफीच्या खाली, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "चलो, अब अपनी-अपनी जगह पे. पाळी सुरू."